यहुदी आणि ख्रिस्ती उपासनेतील आशीर्वाद

मराठीत आशीर्वाद वरून खाली येतो. थोरल्याने धाकट्याला, गुरूने शिष्याला, देवाने भक्ताला द्यायची ही गोष्ट. नमस्कार खालून वर जातो आणि त्याच्या उत्तरादाखल आशीर्वाद मिळतो, ही देवघेव इतकी अंगवळणी पडलेली आहे की, माणसाने देवाला आशीर्वाद द्यावा ही कल्पनाच विपरीत वाटावी. हिब्रू बायबलमध्ये मात्र नेमके हेच घडते. तेथे देव माणसाला आशीर्वाद देतो आणि माणूसही देवाला आशीर्वाद देतो. दोन्ही ठिकाणी क्रियापद एकच आहे. यहुदी आणि ख्रिस्ती उपासनेतील आशीर्वादाचा जवळजवळ सारा इतिहास या एका क्रियापदाच्या दोन दिशांमध्ये सामावलेला आहे.

बायबलच्या मराठी भाषांतरकारांना ही अडचण पहिल्यापासून जाणवली. देव देणारा असेल तेव्हा त्यांनी 'आशीर्वाद' हा शब्द योजला आणि माणूस देवाला उद्देशून बोलत असेल तेव्हा 'धन्यवाद' किंवा 'धन्यवादित'. भाषांतर म्हणून हे योग्यच आहे. पण त्यामुळे मूळ भाषेत एकच असलेली क्रिया मराठी वाचकाला दोन वेगळ्या क्रियांसारखी दिसते. हिब्रू धातू आहे ब-र-ख. त्यापासून झालेले नाम म्हणजे 'बेराखा' आणि त्याचे अनेकवचन 'बेराखोत'. गुडघ्याला हिब्रूत 'बेरेख' म्हणतात. त्यावरून आशीर्वादाचा संबंध गुडघे टेकण्याशी जोडण्याची प्रथा जुनी आहे, भाषाशास्त्रज्ञांचे मात्र त्यावर एकमत नाही. ग्रीक भाषेत या शब्दासाठी 'युलोगेइन' आणि लॅटिनमध्ये 'बेनेदिचेरे' हे शब्द आले. दोहोंचा शब्दशः अर्थ 'चांगले बोलणे'. इंग्रजीतील 'ब्लेस' या शब्दाचे मूळ मात्र रक्तवाचक जुन्या शब्दात आहे. बळीचे रक्त शिंपडून पवित्र करणे, हा त्याचा आरंभीचा अर्थ असावा असे मानले जाते.

दोन्ही दिशा एकत्र दाखवणारा बायबलमधील उत्तम प्रसंग उत्पत्तीच्या चौदाव्या अध्यायात आहे. लढाई जिंकून परतणाऱ्या अब्रामाला शलेमचा राजा मलकीसदेक भाकरी आणि द्राक्षारस घेऊन सामोरा येतो. तो आधी अब्रामाला आशीर्वाद देतो आणि त्याच श्वासात परात्पर देवालाही देतो. हा मलकीसदेक पुढे ख्रिस्ती परंपरेत पुन्हा भेटणार आहे.

बायबलच्या जुन्या थरांत आशीर्वाद ही केवळ सदिच्छा नाही. एकदा उच्चारला की तो परत घेता येत नाही. आंधळा झालेला इसहाक थोरल्या एसावाला द्यायचा आशीर्वाद फसवणुकीने धाकट्या याकोबाला देऊन बसतो. एसाव येऊन रडतो, भाकतो, बापालाही कापरे भरते. पण दिलेला शब्द फिरत नाही. हाच याकोब म्हातारपणी नातवंडांना आशीर्वाद देताना जाणूनबुजून हातांची अढी घालतो आणि उजवा हात धाकट्या एफ्राइमाच्या डोक्यावर ठेवतो. बलाम नावाच्या परक्या द्रष्ट्याला इस्राएलला शाप देण्यासाठी आणले जाते आणि त्याच्या तोंडून आशीर्वादच बाहेर पडतात. यहुदी लोक सिनेगॉगमध्ये पाऊल टाकताना जे शब्द म्हणतात, त्यांची सुरुवात या बलामाच्याच उद्गारांनी होते. शापासाठी भाड्याने आणलेल्या माणसाचे शब्द रोजच्या प्रार्थनेच्या दारात लावणारी परंपरा विरळाच म्हणावी लागेल. शब्दाचा हा धाक इतका की, ईयोबाच्या ग्रंथात 'देवाला शाप देणे' असे लिहिण्याची वेळ आली, तेव्हा तेथेही 'आशीर्वाद देणे' हेच क्रियापद योजून वेळ निभावली आहे. अर्थ संदर्भावरून घ्यायचा.

शंभर आशीर्वादांचा दिवस

इसवी सन ७० मध्ये रोमन सैन्याने जेरुसलेमचे मंदिर उद्ध्वस्त केले आणि यज्ञबली थांबले. त्यानंतर रब्बींनी जी उपासना उभी केली, तिचा पाया बेराखा हा आहे. इसवी सन २०० च्या सुमारास सिद्ध झालेल्या 'मिश्ना' या विधिसंहितेचा पहिलाच खंड 'बेराखोत' नावाचा आहे. बेराखाचा आरंभ सामान्यतः 'बारूख' या शब्दाने होतो आणि तो शब्द माणसाला किंवा वस्तूला नव्हे, तर देवाला उद्देशून असतो. विश्वाचा राजा असलेल्या देवाला धन्य म्हणायचे आणि मग त्याने काय केले किंवा काय करण्याची आज्ञा दिली ते एका वाक्यात सांगायचे, ही त्याची ठरीव बांधणी.

येथे एक सर्वसाधारण गैरसमज दूर करायला हवा. यहुदी माणूस जेवणापूर्वी भाकरीवर बेराखा म्हणतो, तेव्हा तो भाकरीला आशीर्वाद देत नाही. त्या भाकरीत काही फरक पडत नाही, ती अधिक पवित्र होत नाही. फरक पडतो तो खाणाऱ्याच्या अधिकारात. तल्मूदमधील युक्तिवाद मोठा मार्मिक आहे. स्तोत्रसंहितेत एके ठिकाणी पृथ्वी देवाची आहे असे म्हटले आहे, तर दुसरीकडे देवाने ती माणसांना दिली असे. मग खरे कोणते? रब्बी सांगतात की, पहिले विधान बेराखा म्हणण्यापूर्वीचे आणि दुसरे बेराखा म्हटल्यानंतरचे. बेराखा न म्हणता या जगातील कशाचाही उपभोग घेणे म्हणजे मंदिराच्या मालमत्तेचा अपहार करण्यासारखे आहे. तेव्हा बेराखा ही एका अर्थी मालकाकडे मागितलेली परवानगी ठरते.

या एका विचारातून तपशिलांचे मोठे शास्त्र निर्माण झाले. भाकरीची बेराखा वेगळी, द्राक्षारसाची वेगळी, झाडाच्या फळाची वेगळी, जमिनीतून येणाऱ्या उत्पन्नाची वेगळी आणि पाणी, मांस, मासे, दूध यांच्यासाठी एक सर्वसमावेशक. केळे हे झाडाचे फळ नव्हे, तर जमिनीचे. कारण केळीचा बुंधा घड दिल्यानंतर मरतो आणि कंदातून नवा कोंब येतो. कोकणातल्या बागायतदाराला हा निर्णय सहज पटेल. भाताचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. तो भाकरी नव्हे, म्हणून भाकरीची बेराखा त्याला नाही. पण तो पोट भरतो आणि आधार देतो, म्हणून गव्हाच्या शिजवलेल्या पदार्थांची बेराखा त्याला लागू केली गेली. जेवणानंतरची बेराखा मात्र पुन्हा वेगळी. एका धान्याच्या आधी एक नियम आणि नंतर दुसरा, यावर पिढ्यान्‌पिढ्या चर्चा झाली आहे.

भाकरीसह जेवण झाल्यावर म्हणायची 'बिरकत हामाझोन' ही चार बेराखांची माळ आहे: अन्नासाठी, भूमीसाठी, जेरुसलेमसाठी आणि देवाच्या चांगुलपणासाठी. पहिली मोशेने रचली, दुसरी यहोशवाने, तिसरी दाविद आणि शलमोनाने, असे तल्मूद सांगतो. चौथीची कथा वेगळी आहे. बार कोखबाच्या उठावात बेतार येथे रोमनांनी कापून काढलेल्या लोकांना बऱ्याच काळानंतर दफन करण्याची परवानगी मिळाली, तेव्हा ती बेराखा नेमली गेली. रोज जेवून उठताना एका कत्तलीची आठवण अशी ताटापाशी येऊन बसते.

रब्बी मेईर यांच्या नावावर असलेल्या वचनानुसार माणसाने दिवसाला शंभर बेराखा म्हटल्या पाहिजेत. हा आकडा ऐकून दडपून जाण्याचे कारण नाही. 'अमिदा' या मुख्य प्रार्थनेत आठवड्याच्या सहा दिवशी १९ बेराखा असतात आणि ती दिवसातून तीनदा म्हटली जाते. तेथेच ५७ होतात. पंचाईत होते ती शब्बाथला. त्या दिवशीच्या अमिदेत फक्त सात बेराखा असतात. एक रब्बी ही तूट सुगंधी द्रव्ये आणि खाऊच्या जिनसा वापरून भरून काढत, अशी नोंद तल्मूदमध्ये आहे.

वीज चमकली, गडगडाट झाला, इंद्रधनुष्य दिसले, समुद्राचे दर्शन घडले, विद्वान माणूस भेटला, झाडांना पहिला मोहोर आला, नवे वस्त्र अंगावर घातले, या साऱ्यांसाठी बेराखा आहेत. शौचाहून आल्यावरही एक आहे. शरीरातली छिद्रे आणि पोकळ्या शहाणपणाने घडवणाऱ्या देवाला त्यात धन्य म्हटले जाते, कारण त्यातले एखादे चुकीच्या जागी उघडले वा बंद झाले, तर माणूस क्षणभरही उभा राहू शकणार नाही. रुग्णालयात दिवस काढलेल्या कोणालाही या प्रार्थनेचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही. सर्वांत अवघड बेराखा मात्र मृत्यूची वार्ता ऐकल्यावरची. त्या वेळी देवाला 'सत्य न्यायाधीश' म्हणून धन्य म्हणायचे असते. चांगल्यासाठी जशी बेराखा, तशीच वाइटासाठीही, असा मिश्नाचा दंडक आहे. दुःख झालेच नाही असे भासवण्याची अपेक्षा यात नाही. शोक करणारा त्याच वेळी वस्त्र फाडतो. अपेक्षा आहे ती संभाषण न तोडण्याची.

इतक्या उदारपणे वाटल्या गेलेल्या या शब्दांवर एक कडक बंधनही आहे. कारण नसताना म्हटलेली बेराखा म्हणजे देवाचे नाव व्यर्थ घेणे. म्हणून म्हणावी की नाही असा संशय आला, तर बहुतेक बाबतींत न म्हणण्याकडे कल ठेवावा, असा नियम आहे.

आणखी एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. अमिदेतील बारावी बेराखा नावाने आशीर्वाद असली, तरी आशयाने शाप आहे. पाखंडी आणि उन्मत्त यांचा पाडाव करणाऱ्या देवाला ती धन्य म्हणते. यावने येथे रब्बान गमलिएलच्या सांगण्यावरून धाकटा शमुवेल याने ती रचली, असे तल्मूद सांगतो. पुढच्याच वर्षी ती म्हणताना तो विसरला आणि दोन-तीन तास आठवत उभा राहिला, अशी पुस्तीही जोडतो. कैरोच्या गेनिझात सापडलेल्या काही जुन्या प्रतींत पाखंड्यांच्या जोडीने 'नोत्सरिम' म्हणजे ख्रिस्ती लोकांचा स्पष्ट उल्लेख आहे. मुळात ती कोणाविरुद्ध होती, याविषयी अभ्यासकांत आजही तीव्र मतभेद आहेत. मध्ययुगीन युरोपात या मजकुरावर ख्रिस्ती सत्तेचा डोळा राहिला, शब्द बदलावे लागले, खोडावे लागले. दोन धर्मांमधल्या कटुतेचा एक धागा असा थेट आशीर्वादांच्या माळेतून गेलेला आहे.

याजकांचे हात

वरून खाली येणारा आशीर्वाद यहुदी उपासनेत नाहीच असे नव्हे. गणना या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात अहरोनाच्या वंशजांनी लोकांना द्यायचा आशीर्वाद आहे. हिब्रूत तो अवघा १५ शब्दांचा. तीन ओळी, पहिलीत तीन शब्द, दुसरीत पाच, तिसरीत सात. जणू हात हळूहळू पसरत जावा. देवाने राखण करावी, त्याचे मुख उजळावे, त्याने शांती द्यावी, एवढेच मागणे त्यात आहे. १९७९ मध्ये जेरुसलेमजवळ केतेफ हिन्नोम येथील थडग्यांत पुरातत्त्वज्ञ गॅब्रिएल बारकाय यांच्या पथकाला गुंडाळलेल्या दोन चिमुकल्या चांदीच्या पट्ट्या मिळाल्या. त्यांवर या आशीर्वादाशी मिळते शब्द कोरलेले आढळले. इसवी सनापूर्वी सातव्या शतकाच्या अखेरीस किंवा सहाव्याच्या आरंभी त्या घडवल्या गेल्या असाव्यात. बायबलमधील मजकुराचा याहून जुना लिखित अवशेष उपलब्ध नाही. कोणीतरी तो ताईत म्हणून गळ्यात घालत असावे.

'कोहेन' म्हणजे याजकवंशातील पुरुष आजही सिनेगॉगमध्ये हा आशीर्वाद देतात. इस्राएलमध्ये बहुतेक ठिकाणी रोज, तर युरोपीय वळणाच्या परदेशस्थ मंडळ्यांत फक्त मोठ्या सणांना. ते पादत्राणे काढतात, लेवी त्यांच्या हातांवर पाणी घालतात, प्रार्थनेची शाल डोक्यावरून ओढून घेऊन ते हात पुढे करतात आणि बोटांची विशिष्ट जुळणी करतात. लोकांनी त्या हातांकडे पाहायचे नसते. लहानपणी बोस्टनच्या सिनेगॉगमध्ये चोरून पाहिलेली ही बोटांची खूण अभिनेते लेनर्ड निमॉय यांनी पुढे 'स्टार ट्रेक' मालिकेतील परग्रहवासीयाच्या अभिवादनासाठी वापरली आणि ती जगभर पोहोचली. मूळ संदर्भ मात्र फारच थोड्यांना ठाऊक.

कोहेनने आशीर्वाद 'प्रेमाने' द्यायचा असतो, तसे तो आधी म्हणून दाखवतो. पण आशीर्वाद त्याचा नसतो. त्याच अध्यायात पुढे देव सांगतो की, याजक लोकांवर माझे नाव ठेवतील आणि आशीर्वाद मी देईन. बाराव्या शतकातील थोर धर्मशास्त्री मायमोनिडीस यांनी यावर स्पष्टच लिहून ठेवले आहे: या सामान्य माणसाच्या आशीर्वादाने काय होणार, असा प्रश्न कोणी करू नये, कारण फळ कोहेनवर अवलंबून नसून देवावर आहे. दर शुक्रवारी संध्याकाळी आईवडील मुलांच्या डोक्यावर हात ठेवून हेच शब्द म्हणतात. मुलग्याला एफ्राइम आणि मनश्शे यांच्यासारखा होण्याचा, मुलीला सारा, रिबका, राहेल आणि लेआ यांच्यासारखी होण्याचा आशीर्वाद त्याला जोडतात.

तल्मूदमधील एक कथा तर आशीर्वादाची उतरंडच उलटी करते. रब्बी इश्माएल बेन एलीशा धूप जाळण्यासाठी मंदिराच्या गाभाऱ्यात जातो. तेथे सिंहासनावर बसलेला देव त्याला म्हणतो की, माझ्या मुला, मला आशीर्वाद दे. इश्माएल भांबावत नाही. तुझी करुणा तुझ्या क्रोधावर मात करो, असा आशीर्वाद तो देतो आणि देव मान डोलावतो. तल्मूद यातून बोध काढतो तो असा की, साध्या माणसाच्या आशीर्वादाला क्षुल्लक समजू नये.

महाराष्ट्राला ही परंपरा परकी नाही. अलिबाग परिसरातील नवगावच्या किनाऱ्याला पूर्वजांचे गलबत फुटले असे सांगणारा बेने इस्राएल समाज शतकानुशतके कोकणात तेलाचे घाणे चालवत राहिला. शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून 'शनिवार तेली' हे त्यांचे नाव. मुंबईत त्यांचे पहिले सिनेगॉग १७९६ मध्ये उभे राहिले. या समाजाचा खास विधी म्हणजे मलिदा. नवस फेडताना, लग्नकार्यात किंवा संकट टळल्यावर एलियाहू हनाबीचे स्मरण करून तो करतात. गोड केलेले पोहे, ओले खोबरे, सुका मेवा आणि फळे ताटात मांडली जातात, आणि झाडाचे फळ, जमिनीचे फळ, अशा क्रमाने प्रत्येकावर हिब्रू बेराखा म्हणून प्रसाद वाटतात. मिश्नाच्या सहाव्या अध्यायातील वर्गवारी अशी कोकणी ताटात उतरलेली आहे. शब्बाथच्या प्याल्यासाठी द्राक्षारस दुर्मीळ, म्हणून हे लोक मनुका भिजवून त्यांचे शरबत करत आले. मुळात ते द्राक्षाचेच असल्याने बेराखाही द्राक्षारसाचीच. १८७४ मध्ये पुण्यात छापलेल्या हिब्रू-मराठी 'हगादा'त वल्हांडणाच्या रात्रीच्या बेराखांचा अर्थ त्यांना मराठीत वाचता येत असे.

भाकरीवरून भाकरीकडे

येशू यहुदी होता आणि जेवताना तो यहुदी माणसासारखाच बेराखा म्हणत असे, हे लक्षात घेतल्याशिवाय ख्रिस्ती उपासनेतील आशीर्वाद कळत नाही. शेवटच्या भोजनाचे वर्णन करताना मार्क भाकरीसाठी 'युलोगेइन' आणि प्याल्यासाठी 'युखारिस्तेइन' म्हणजे 'आभार मानणे' ही क्रियापदे वापरतो. पौल आणि लूक भाकरीसाठीही दुसरेच क्रियापद घेतात. दोन्ही एकाच हिब्रू क्रियेची ग्रीक रूपे आहेत. दुसऱ्या क्रियापदावरून मुख्य ख्रिस्ती विधीला 'युखारिस्त' हे नाव मिळाले. मात्र पाच हजारांच्या भोजनाच्या प्रसंगी लूक लिहितो की, येशूने 'त्यांना', म्हणजे भाकरी-माशांना, आशीर्वाद दिला. वाक्यात कर्म आले. देवाला उद्देशून उच्चारलेला शब्द वस्तूवर येऊन टेकला. एका सर्वनामावर इतिहासाचा भार टाकणे बरे नाही. पण पुढच्या शतकांत ख्रिस्ती आशीर्वाद ज्या वाटेने गेला, तिची दिशा येथे दिसते.

आरंभीच्या मंडळ्या अजून यहुदी घडणीच्या जवळ होत्या. 'दिदाखे' हा पहिल्या शतकाच्या अखेरीचा किंवा दुसऱ्याच्या आरंभीचा मानला जाणारा ग्रंथ १८७३ मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या हस्तलिखितांत सापडला. त्यातील प्याल्यावरच्या आणि भाकरीवरच्या प्रार्थना यहुदी भोजनप्रार्थनांशी इतक्या जुळतात की, त्यांचे मूळ वेगळे सांगावे लागत नाही. नव्या करारात आशीर्वादाला एक नवी कळाही आली. शाप देणाऱ्यांनाही आशीर्वाद द्या, असे येशू सांगतो आणि पौलही तेच बजावतो. आशीर्वाद शत्रूपर्यंत नेण्याची ही मागणी मोठी होती. ती पाळली किती गेली, हा इतिहासाचा वेगळा अध्याय.

त्याच नव्या करारात इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचा लेखक मलकीसदेकाच्या प्रसंगाकडे वळतो आणि निष्कर्ष काढतो की, कनिष्ठाला श्रेष्ठाकडून आशीर्वाद मिळतो, यात वादच नाही. उत्पत्तीतील मलकीसदेकाने देवालाही आशीर्वाद दिला होता, ही बाजू येथे मागे पडली. श्रेष्ठ आणि कनिष्ठ अशी पायरी एकदा मान्य झाली की, आशीर्वाद देण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न अटळ होतो. पाश्चात्त्य चर्चमध्ये काही आशीर्वाद बिशपसाठी, काही पोपसाठी राखीव झाले. पौर्वात्य ऑर्थोडॉक्स परंपरेत येशूच्या बाप्तिस्म्याच्या सणाला पाण्याला द्यायचा महाआशीर्वाद हा वर्षातील मोठा सोहळा ठरला.

वस्तूंना आशीर्वाद देण्याची परंपरा रोमन चर्चमध्ये सर्वाधिक फोफावली. १६१४ मध्ये पोप पाचवे पॉल यांच्या काळात 'रितुआले रोमानुम' हा विधिग्रंथ प्रसिद्ध झाला. मीठ आणि पाणी यांच्यातून आधी दुष्ट शक्ती घालवायची, मग त्यांना आशीर्वाद द्यायचा, असा त्यात क्रम होता. पुढच्या आवृत्त्यांत भर पडत गेली. मधमाश्या, बिअर, आजारी गुरे यांच्या जोडीला रेल्वे, तारयंत्र, मोटार, विमान, इतकेच नव्हे तर भूकंपमापक यंत्रासाठीही आशीर्वाद आले. आज हे वाचताना हसू येईल. पण दसऱ्याला छापखान्याच्या यंत्राला झेंडूचा हार घालणाऱ्या समाजाला त्यामागची भावना समजायला अडचण पडू नये.

सोळाव्या शतकातील सुधारकांना हे मान्य नव्हते. निर्मिलेले सारे मुळातच चांगले आहे, ते देवाच्या वचनाने आणि प्रार्थनेने पवित्र होते, या पौलाच्या नावावरील पत्रातील विधानाचा त्यांना आधार होता. मार्टिन लूथरने पवित्र पाणी आणि मीठ बाजूला सारले, पण आशीर्वाद सोडला नाही. १५२३ आणि १५२६ च्या आपल्या उपासनाक्रमांत त्याने समारोपासाठी अहरोनाचा तोच १५ शब्दांचा आशीर्वाद घेतला. म्हणून आज लुथेरन आणि अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्यांत रविवारची उपासना संपते ती चांदीच्या पट्टीवर कोरल्या गेलेल्या शब्दांनी. इतरत्र करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटातील कृपा, प्रीती आणि सहभागिता यांचे त्रिविध आशीर्वचन म्हटले जाते. ते मराठी मंडळ्यांना विशेष परिचयाचे आहे. लूकच्या शुभवर्तमानाच्या अखेरीस येशू हात उंचावून शिष्यांना आशीर्वाद देत असतानाच त्यांच्यापासून वेगळा होतो. निरोपाच्या क्षणी आशीर्वाद देण्याच्या प्रथेला या चित्राचा आधार आहे.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर कॅथलिक चर्चने आपल्या मुळांकडे पुन्हा पाहिले. १९७० च्या मिस्साग्रंथात भाकरी आणि द्राक्षारस अर्पण करताना म्हणायच्या प्रार्थना आल्या, त्या यहुदी भोजनबेराखांच्या नमुन्यावर रचलेल्या. विश्वाच्या देवाला धन्य म्हणायचे, त्याच्या औदार्यामुळे ही भाकरी मिळाली असे सांगायचे. १९८४ मध्ये आशीर्वादांचा नवा ग्रंथ आला. त्यातही भर वस्तूवर नसून देवाची स्तुती आणि वस्तू वापरणारी माणसे यांवर होता. परंपरावाद्यांची तक्रार अशी की, या ग्रंथात घराला आशीर्वाद मागितला तर घरात राहणाऱ्यांना मिळतो, घर तसेच राहते. तक्रार खोचक आहे. पण रब्बींनी ती ऐकली असती, तर त्यांना त्यात काही वावगे वाटले नसते.

लोकव्यवहारात दोन्ही दिशा गुण्यागोविंदाने नांदतात. गोव्यात ऑगस्टमध्ये कणसाचे फेस्त होते. सासष्टीतील राय गावी ते ५ ऑगस्टला असते. शेतातून कापून आणलेल्या भाताच्या पहिल्या लोंब्यांना पाद्री आशीर्वाद देतो आणि मगच नवे पीक घरात येते. वसई आणि मुंबईच्या ईस्ट इंडियन समाजाचा आगेरा याच जातीचा. गोव्यातील ख्रिस्ती घरांत संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर धाकटी माणसे थोरल्यांकडे 'बेसांव' मागतात. पोर्तुगीज शब्द कोकणीत असा रुळला आहे की, त्याचे परकेपण उरलेले नाही. हा बेसांव द्यायला दीक्षा लागत नाही, आजी असणे पुरते. कॅथलिक शिकवणुकीनुसारही बाप्तिस्मा झालेला प्रत्येक जण आशीर्वाद देऊ शकतो. विशिष्ट आशीर्वादच तेवढे दीक्षितांसाठी राखीव आहेत.

१३ मार्च २०१३ रोजी पोप म्हणून निवड झाल्यावर फ्रान्सिस सेंट पीटर चौकाच्या सज्जात आले, तेव्हा जमलेल्या लोकांना त्यांनी आशीर्वाद देण्यापूर्वी एक विनंती केली. देवाने आपल्याला आशीर्वाद द्यावा म्हणून आधी तुम्ही प्रार्थना करा, असे म्हणून ते लोकांसमोर मान झुकवून उभे राहिले. चौकात शांतता पसरली. २७ मार्च २०२० च्या संध्याकाळी महामारीच्या सावटात त्यांनी त्याच ठिकाणी, पावसात, पूर्णपणे रिकाम्या चौकाला 'नगर आणि जगत्' यांच्यासाठीचा आशीर्वाद दिला. २० एप्रिल २०२५ ला ईस्टरच्या दिवशी त्यांनी तोच पुन्हा दिला आणि दुसऱ्या दिवशी त्यांचे निधन झाले.

आशीर्वादावरचा अलीकडचा सर्वांत मोठा वादही त्यांच्याच कारकिर्दीत झाला. समलिंगी जोडप्यांच्या संबंधाला आशीर्वाद देण्याचा अधिकार चर्चला नाही, असे उत्तर व्हॅटिकनच्या श्रद्धाविषयक विभागाने मार्च २०२१ मध्ये जाहीर केले होते. त्याच विभागाने १८ डिसेंबर २०२३ रोजी 'फिदुचिया सुप्लिकान्स' ही घोषणा काढली. विवाहाविषयीची शिकवण कायम ठेवून, विधीचे रूप न देता, विवाहासारखा पोशाख किंवा समारंभ टाळून अशा जोडप्यांना पाद्री उत्स्फूर्त आशीर्वाद देऊ शकतो, असे तीत म्हटले. या घोषणेत वर जाणारा आणि खाली उतरणारा आशीर्वाद हाच भेद नावानिशी आला आहे. स्वतःच्या पुण्याईचा दावा न करता देवापुढे हात पसरणाऱ्यांसाठी खाली उतरणारा आशीर्वादही मागता येतो, असा तिचा निर्वाळा आहे.

प्रतिक्रिया तीव्र होत्या. जर्मनी आणि बेल्जियममध्ये काहींना ही परवानगी अपुरी वाटली. आफ्रिकेतील बिशपांच्या महासंघाने कार्डिनल अंबोंगो यांच्या सहीच्या पत्राने जानेवारी २०२४ मध्ये कळवले की, आपल्या खंडात असे आशीर्वाद देणे उचित होणार नाही. कॉप्टिक ऑर्थोडॉक्स चर्चने मार्च २०२४ मध्ये कॅथलिकांशी चाललेला धर्मशास्त्रीय संवाद थांबवला. चर्च ऑफ इंग्लंडमध्येही समलिंगी जोडप्यांसाठीच्या प्रार्थनांवरून याच सुमारास दुफळी माजली. ४ जानेवारी २०२४ च्या पत्रकात श्रद्धाविषयक विभागाचे प्रमुख कार्डिनल फर्नांडेझ यांनी खुलासा केला की, हा आशीर्वाद १० ते १५ सेकंदांचा असावा, त्यात आरोग्य, काम, शांती यांसाठी मागणे असावे, आणि तो दिल्याने त्या जोडप्याच्या जीवनक्रमावर मान्यतेचा शिक्का बसत नाही. स्थानिक परिस्थितीनुसार तो कसा अमलात आणायचा, हे त्यांनी त्या त्या ठिकाणच्या बिशपांच्या विवेकावर सोपवले.